गप्प गाडीचं दुखणं

डहाणू,
१४ डिसेंबर

तीर्थस्वरूप अण्णांस,

शांतारामचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमधाने उतार पडल्याचं मागच्या पत्रात वाचून बरं वाटलं. वहिनींचे गुडघे काय म्हणतात? तुमची बहीण मजेत आहे (वसू मजेत असते हे मला नुकतंच कळलं, ते पुढे येईल). मला मात्र एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून गाडी बघून आलो. गाडी जागेवर आहे. पण ती चालू असली तरी आहे हे कळत नाही, हेच माझं दुखणं आहे.

तुम्ही चौतीस वर्षं आरटीओत गाड्या तपासल्यात. सख्ख्या मेहुण्याची एस्टीम पासिंगला आली तेव्हासुद्धा जमिनीवर रुमाल अंथरून खालून बघितलीत. म्हणून गेली अकरा वर्षं एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. तुम्ही डहाणूला आलात की माझी गाडी नेमकी गॅरेजला गेलेली असायची ना, ती गॅरेजला नसायची. शेजारच्या वाडीत चिकूच्या झाडांमागे असायची. तिला वापीच्या मुकेशभाईने घडवलेला सायलेन्सर होता. (सायलेन्सर म्हणायचं आपलं. आत गप्प करणारं काही नव्हतंच, सरळ नळकांडं.) पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा मी दचकलो, तर मुकेशभाई शांतपणे म्हणाला, "साहेब, आ अवाज नथी, ओळखाण छे." त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली. बारा शाळा तपासत फिरणाऱ्या केंद्रप्रमुखाला ओळख नको का? खाडीच्या पुलावर ती जो खर्ज लावायची, तो ऐकला की दिवसभराचा शीण उतरायचा. खोटं कशाला बोलू, त्या आवाजात मी कोणीतरी होतो.

मागच्या महिन्यात कासा इथे ध्वनिप्रदूषणाबद्दल जनजागृतीचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणा मी होतो. (ठरलेले पाहुणे आजारी पडले. आमच्या खात्यात आयत्या वेळचा पाहुणा म्हणून माझं नाव आहे.) तलासरीहून निघायला उशीर झाला, त्यामुळे चारोटी नाका सोडल्यावर गाडी जरा दामटली. तिकडे मैदानात फौजदार बाई माईकवरून मुलांना सांगत होत्या की कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा लावणं हा गुन्हा आहे. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून त्या माईक धरून थांबल्या. चारशे मुलं आणि सगळे शिक्षक रस्त्याकडे बघत राहिले. त्या शांततेत मी फाटकातून आत शिरलो आणि गाडीतून उतरलो. स्वागताचं गुलाब घेऊन उभी असलेली मुलगी, द्यावं की नाही, म्हणून फौजदार बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. मोटारसायकलवाल्या पोरांचे सायलेन्सर उतरवायला मेकॅनिक आणलेलाच होता. माझं भाषण चालू असताना मागून पान्याचे आवाज येत होते. विषय होता शांततेचं महत्त्व. मी तो पूर्ण केला.

तुम्ही म्हणाल, कायदा तो कायदा. मान्य. पण हायवेवरून मुंबईच्या त्या बुटक्या लाल गाड्या गर्जत गुजरातेत जातात, त्यांना कोणी अडवत नाही, कारण त्या म्हणे कारखान्यातूनच तशा येतात. म्हणजे गर्जना विकत घेतली तर चालते, वापीत करून घेतली की जप्त. यावर तुमच्याकडे एखादं कलम असणारच, पण ते आत्ता नको.

कंपनीचा सायलेन्सर बसवला. गाडी इतकी गप्प झाली की चालू गाडीला मी पुन्हा स्टार्टर मारतो. अशा गप्प गाडीतून मी तलासरीजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत गेलो. ही माझी आदर्श शाळा. कधीही जा, मुलं हाताची घडी घालून बसलेली, फळ्यावर तारीख आणि सुविचार. त्या दिवशी लांबूनच हसण्याचा गलका आला. दारातून बघतो तर गौरव सर खाली पोरांत बसलेले आणि शुक्री नावाची तिसरीतली मुलगी उभी राहून बिळातून खेकडा कसा काढायचा ते तिच्या बोलीत त्यांना शिकवत होती. सरांना तिचे शब्द धड उच्चारता येत नव्हते आणि वर्ग हसून लोळत होता. याच मुलीबद्दल माझ्या तपासणी अहवालात मी तीन वर्षं लिहितोय, "बोलत नाही." तिने मला पाहिलं, खाली बसली आणि कोणी न विचारता बेचा पाढा सुरू केला. गौरव सर ओशाळून एवढंच म्हणाले, "साहेब, आज गाडी ऐकूच आली नाही."

त्याच आठवड्यात एकदा संध्याकाळी घरी लवकर आलो. अकरा वर्षं मला दारात पाय ठेवताक्षणी उकळता चहा मिळतोय आणि मी ते संसाराचं सुख समजत होतो. वसू पुलावरचा गाडीचा आवाज ऐकून आधण ठेवायची. त्या दिवशी आधण नव्हतं. मागच्या पडवीत सुके बोंबील निवडत वसू गात होती. अण्णा, तिला गाता येतं हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी फाटकाबाहेर दोन कडवी उभा राहिलो आणि मला रडू आलं, ते लपवत नाही. मग वाटलं, बिचारीला नेहमीसारखी आगाऊ सूचना मिळायला हवी. म्हणून मोठ्याने खोकलो, कडी वाजवली. गाणं थांबलं.

त्या नळकांड्याला सायलेन्सर का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी जाईन तिथे ते माझ्या आधी पोचायचं आणि सगळ्यांना गप्प करायचं. असला सायलेन्सर आता कोणी फुकट आणून बसवला तरी मी लावणार नाही, हे तुम्हाला कळवावं, एवढ्यासाठीच हे पत्र. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शांताराम

ता. क. जप्त झालेले सायलेन्सर रोलरखाली चिरडायचे होते, पण रोलर अजून आलेला नाही. माझा ढिगात वरच दिसतो (रोज जाता-येता बघतो). तुमच्या जुन्या ओळखीने एक चिठ्ठी मिळाली तर तो सुटेल. गैरसमज नको. त्या दिवसापासून वसू गायलेली नाही. पानं वाजली तरी फाटकाकडे बघते. मी अचानक येऊन टपकेन अशी धास्ती घेतली असणार. तेव्हा पुन्हा तो आवाज लावावा, ती निर्धास्त होईल, आणि मग अधूनमधून गाडी कासाला ठेवून मी शेअर जीपने गुपचूप घरी यावं, असा विचार आहे. चिठ्ठी लवकर पाठवा.

ता. क. पुन्हा. मी पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात वसूने पत्र वाचलं. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो. "अण्णाला चिठ्ठ्या लिहायला लावू नका. फाटकाशी तुमच्या चपला वाजल्या तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी गातच होते ना? गाणं रंगात आल्यावर खोकतं का कोणी?"

तेव्हा सायलेन्सरचं राहू द्या. ज्येष्ठमध मात्र थोडा पाठवा.