चेअरमनबाईंच्या वतीने

६ मार्च २०१६, रविवार

संकल्प: रोज एक पान. चॅनेलच्या स्पर्धेला ३० एप्रिलच्या आत विनोदी मालिकेचा पहिला भाग पाठवायचाच.

चारा छावणीत टीव्ही बसवल्यापासून रोज संध्याकाळी जातो. गुरांबरोबर मुक्कामाला असलेली माणसं कशाला हसतात, याचा अभ्यास करतो. आमच्या लहानपणी मालिकेतली बायको उधळी आणि नवरा भित्रा असला, की लोक हसायचे. पुढे सासू आली. आता बायको ऑफिसला जाते आणि नवरा पोळ्या लाटतो. पण पोळी वाकडी होईपर्यंत कुणी थांबत नाही, त्याने लाटणं हातात घेतलं की लगेच हशा. मालिकेतलं घर बदललं, हसण्याची जागा तीच राहिली. हे मला खटकतं. माझ्या मालिकेत बाईवर एकही विनोद नसेल.

विषय ठरला. महिला दूध संस्थेची चेअरमन, आणि तिच्या खुर्चीत बसून कारभार हाकणारा तिचा नवरा. नमुना आमच्याकडचाच, मोहनराव. बायको सरपंच, ग्रामसभेत हा. माणसाला लाज कशी वाटत नाही?

८ मार्च

महिला दिन. तालुक्याला महिला दूध संस्थांच्या चेअरमनचा सत्कार. आमच्या संस्थेची चेअरमन शिवकन्या, पण दोन गायी आणि म्हैस छावणीत सोडून ती येणार कशी? नवरा या नात्याने तिच्या वतीने मी गेलो. स्टेजवर सहा चेअरमन, त्यांत साडीतली एक. शाल, नारळ, साडी स्वीकारली. ओटी भरायला बाई पुढे आल्या तेव्हा नम्रपणे नकार दिला. माणसाने कुठेतरी थांबायला हवं.

परतताना एसटीत स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: मोहनरावात आणि माझ्यात फरक काय? फरक आहे. तो बायकोला काही सांगत नाही. मी सगळं सांगतो.

पान झालं नाही. प्रवास.

१७ मार्च

शिवकन्येने एक विषय सभेत मांडायला सांगितलं. बायका पहाटे छावणीत धारा काढतात आणि कॅन डोक्यावर घेऊन चार किलोमीटर चालत गावातल्या संकलन केंद्रावर येतात. या उन्हात दूध टिकत नाही. आमचा सचिव सुग्रीव नासलेलं दूध परत करतो, त्यालाही इलाज नाही. तिचं म्हणणं, दुष्काळ सरेपर्यंत संकलन छावणीतच करा. अगदी रास्त. वहीत लाल शाईने अधोरेखित केलं.

पान: अर्धं.

२० मार्च

सभा. अध्यक्षस्थानी मी. तुळजाबाई दारातूनच म्हणाली, अगं बया, आमच्या चेअरमनला दाढी आली की! सगळ्या सभासद हसल्या. मीही मोकळेपणाने हसलो. वाक्य मालिकेसाठी टिपून घेतलं. टिपता टिपता मोहनरावाचा आणखी एक प्रसंग सुचला, तोही लिहून काढला. तेवढ्यात चहा आला आणि सभा संपली.

संकलनाचा विषय राहिला. पुढच्या वेळी पहिला तोच.

२ एप्रिल

टँकर आला म्हणून शिवकन्या घरी आली होती. ती पेंड भिजवत असताना तिला पहिला भाग वाचून दाखवला. तिने विचारलं, ह्याच्यात चेअरमनबाई किती येळा बोलती? मोजलं. चार वाक्यं. तीन वेळा ‘चहा ठेवू का’, एकदा नुसतंच ‘आवं’. ती म्हणाली, बराबर लिवलंय.

मग म्हणाली, आज अकरा लिटर दूध वतून दिलं. ठरावाचं काय झालं?

विचाराधीन आहे, असं सांगितलं. तिने विचारलं, कुणाच्या?

मी वहीत टिपलं: बाईची वाक्यं वाढवायला हवीत. निदान सहा.

१० एप्रिल

छावणीत जाहीर वाचन. टीव्ही बंद करून लोक ऐकायला बसले, हाच मोठा सन्मान. पहिल्या ओळीपासून हशा. जिथे अपेक्षा नव्हती तिथेही हशा. सुग्रीव तर डोळे पुसत होता. मागून हरिबा ओरडला, बद्रीभाऊ, दुसऱ्याचं नाव कावून घातलं? सोताचंच घाला की, लई शोभतंय! मग पाच मिनिटं वाचताच आलं नाही.

नोंद: सामान्य प्रेक्षक लेखक आणि पात्र यांत फरक करत नाही. ही सवय मालिकांनी लावली.

शिवकन्या हसली नाही. मध्येच उठून म्हशीला वैरण टाकायला गेली. घरच्यांची दाद उशिरा मिळते.

१५ एप्रिल

आज सभा होती. पण भाग टाइप करून घ्यायला बीडला जावं लागलं, म्हणून सुग्रीवला फोन करून तहकूब करायला लावली. चेअरमनशिवाय सभा कशी होणार?

२४ एप्रिल

तहकूब सभा अकराला. मी पाच मिनिटं आधी पोचलो. खुर्चीत शिवकन्या. धारा काढून तशीच आलेली, पदराला शेण. सभा दहालाच सुरू झाली होती. उद्यापासून संकलन छावणीत, हा ठराव एकमताने मंजूरही झाला होता.

मी अभिनंदन केलं. म्हणालो, हे मी मांडणारच होतो. इतिवृत्त तरी मी लिहून देतो, भाषा नीट लागते. तुळजाबाई म्हणाली, भाऊजी, ही सभासदांची सभा हाय. मी शिवकन्येकडे पाहिलं. तिने रजिस्टरमधून मान वर केली नाही. म्हणाली, तुमी बाहीर बसा. हसण्यासारखं काई निघालं तर बोलविते.

बाहेर पालथ्या कॅनवर बसलो. दार लावून घेतलं गेलं. सुग्रीव दोनदा आतबाहेर झाला, दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता.

पावणेबाराला आत सगळ्या एकदम हसल्या. चांगल्याच हसल्या. मी उठून उभा राहिलो, शर्ट नीट केला.

कुणी बोलावलं नाही.