काळजाची चहाडी

पनवेल

चि. सौ. शांतीस,

काशिरामदादाचे आशीर्वाद. महादेवरावांचा गुडघा आणि रियाच्या लग्नाची धावपळ, दोन्ही तू एकटी सांभाळतेस असं कळलं. मी ठीक आहे. माझं काळीज ठीक नाही, पण त्याचं ते बघेल.

डॉक्टर म्हणतो, हार्ट फेल्युअर आहे, आणि जुनं आहे. (आपल्या घरात नापास होऊनही वर्गात बसून राहायची रीत आहेच, म्हणून मी घाबरलो नाही.) अंगात पाणी साठून ताण आला की काळीज स्वतःच रक्तात एक हार्मोन सोडतं म्हणे, आणि तपासणीत त्याचा आकडा येतो. आकडा चढला की समजायचं, काळीज थकलंय. म्हणून गोळ्या चालू, मीठ बंद. आकडा उतरला तरच लग्नाला गव्हाणला यायची परवानगी.

मिठागरवाल्याच्या पोराला मीठ बंद! तरी मी ऐकलं. सूनबाईने, म्हणजे समीक्षाने, मिठाचा डबा लपवला, तिलाही काही बोललो नाही. पण अळणी डाळ गिळता गिळता तू पाठवलेले खारे बांगडे आठवले. आता मीठ म्हणजे आपण आगरात ढिगाने पाहिलं ते, पांढरं. बांगडा म्हणजे मासळी. अशी मनाची समजूत घातली आणि समीक्षा कामाला गेली की रोज एक भाजू लागलो. (वासावर उदबत्त्या लावायचो. शेजारच्या अरुंधतीबाईंना वाटलं, मी देवधर्माला लागलो.)

पाय सुजले, जिन्यात धाप लागू लागली, ते मी वयावर ढकललं. पुढच्या तपासणीत आकडा दुप्पट. डॉक्टरच्या आधी समीक्षाच म्हणाली, "बाबा, मीठ तुमी खात नाय, मंग खाता काय?" मी तुझं नाव घेतलं नाही. शेजारीपाजारी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि चहाडी केली ती माझ्याच काळजाने. इतकी वर्षं पोसलं त्याला!

बाकी सगळं क्षेम.

तुझा दादा

ता. क. यंदाचेही बांगडे खारवून ठेवलेस, असं तुझा परेश सांगत होता. पाठवू नकोस. तुझ्या हातचं परत धाडणं मला जमत नाही, आणि टाकणं तर नाहीच.

आणखी एक ता. क. लग्नाआधी पुन्हा रक्त तपासणार आहेत. खरं सांगतो, या वेळी भीती वाटते. पण आकडा काहीही येवो, रियाचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत मामाच नेणार. फक्त मांडवात वाटेवर मध्येच एक खुर्ची ठेव. कुणी विचारलं तर सांग, महादेवरावांच्या गुडघ्यासाठी आहे.