मडगार्ड तुटलं, निघालं वगैरे

मंगळवार, ५ ऑगस्ट २००३

दुरुस्ती. रविवारच्या नोंदीत मी 'गाडीचं मडगार्ड तुटलं' असं लिहिलं आहे. ते चूक आहे. रबर अखंड आहे, फक्त तीन स्क्रूंची भोकं फाटली आहेत. म्हणजे 'निघालं' हा शब्द बरोबर. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी चुकीचं लिहून ठेवणं मला जमत नाही.

आता नीट हकिगत. रविवारी पप्पा जैन स्थानकात व्याख्यानाला गेले असताना मी मारुती काढली. न विचारता, एकटीच. लायसन्स माझं चार महिन्यांचं. कळंबला मैत्रिणीकडे, वृषालीकडे गेले. निघताना रिव्हर्स घेतली तेव्हा तिच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडात मागच्या डाव्या चाकामागचं मडगार्ड अडकलं. आणि निघालं.

घरी येऊन चाकं धुतली, पायपुसणी झटकली, किल्ली खुंटीला लावली. मडगार्ड तात्पुरतं आमच्या दुकानाच्या गोदामात, सरकी पेंडीच्या पोत्यांमागे ठेवलं. सगळं जागच्या जागी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काल सकाळचं लिहायचं राहिलं. पप्पांनी गाडी बघितली. सोपानभाऊ शनिवारी पारगावला जाऊन आले होते, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "शेठ, माझ्याकडनं न्हाई झालं." पप्पा म्हणाले, "मग काय आपोआप निघालं?" मी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होते. बोलणार होते, पण चहा गार झाला असता.

सोपानभाऊ आणे गावचे. नऊ वर्षं आमची गाडी चालवतात. मला तेच शिकवतात, आणि मी एकटी गाडी काढत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पप्पा म्हणाले, "रबराचं काही नाही सोपान. खोटं बोललास त्याचं आहे." किल्ली घेतली. आता सोपानभाऊ दुकानाच्या टेम्पोवर पेंड पोचवतात.

बुधवार, ६ ऑगस्ट

निश्चय: नवीन मडगार्ड स्वतः आणायचं, बसवायचं. गाडी पूर्ववत झाली की मुळात काही झालंच नाही असं होईल. मग सोपानभाऊ कशाबद्दल खोटं बोलले, हा प्रश्नच उरणार नाही. सांगणं अर्थात सांगायचंच आहे, पण रिकाम्या हातांनी काय सांगायचं?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मंचरला स्टँडसमोरच्या दुकानात गेले. मडगार्ड लगेच मिळत होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, तीन प्रकार हायेत. एक ओरिजिनल, त्ये आपल्याकडं नाय. एक डुप्लिकेट. आन् एक डुप्लिकेटमधलं ओरिजिनल." तिसरं दाखवलं. दिसायला तंतोतंत. नीट बघितलं तर कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "चिखलाला वाचता येतं का, राव?"

घेतलं नाही. पप्पांच्या गाडीला खोटी वस्तू लावणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ओरिजिनलच लावायचं. पुण्याहून मागवावं लागेल. आठ दिवस.

सोमवार, ११ ऑगस्ट

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. दुकानातून केला नाही, कारण उगाच प्रश्न. पलीकडचा माणूस घाईत होता. "मडगार्ड? लेफ्ट?" म्हटलं, हो, लेफ्ट, पण ओरिजिनलच हवं. तीनदा सांगितलं. एसटी पार्सलने पाठवतो म्हणाला. पैसे त्याच दुपारी मनिऑर्डरने पाठवले.

येताना सोपानभाऊ दिसले. पावसात टेम्पोवर ताडपत्री बांधत होते. म्हणाले, "ताई, सराव सोडू नका. क्लच अर्धा दाबायची सवय लागंल." मी हो म्हटलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पप्पा सध्या स्वतः गाडी चालवतात. आज दुसऱ्या गिअरवर नारायणगावपर्यंत जाऊन आले. भुवाजी मागे बसल्या होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "मांगीलाल, परत जाताना मी एसटीने जाईन."

भुवाजी म्हणजे पप्पांची थोरली बहीण, सूरजबाई. तिसरीपर्यंत मला घरीच त्यांनी शिकवलं, पाटीवर. व्याकरण कडक. वाक्य लिहिलं की विचारायच्या, "कोणी?" भांडं पडलं लिहिलं तर, "कोणी पाडलं ते लिही. आपोआप फक्त पिकलेलं फळ पडतं."

मला वाटतं हा नियम मडगार्डला लागू होत नाही. दगडाचाही भाग आहेच.

बुधवार, २० ऑगस्ट

पार्सल आलं. मंचर स्टँडवर हमाल म्हणाला, "ताई, टेम्पो आणलाय का?" मी पिशवी नेली होती.

पत्र्याचं आहे. गाडीच्या तोंडाची अख्खी डावी बाजू, बॉनेटपासून दारापर्यंत. पुण्याला यालाच मडगार्ड म्हणतात. चाकामागच्या रबराला फ्लॅप म्हणतात म्हणे. मी आयुष्यभर चुकीचा शब्द वापरला. ओरिजिनल मात्र आहे. शिक्का, नाव, सगळं बरोबर.

घरी नेणं शक्य नव्हतं. कळंबच्या एसटीत चढवलं. शेजारच्या म्हातारीने चाचपून विचारलं, "बाई, इमानाचं हाय व्हय?" कंडक्टरने त्याचं हाफ तिकीट फाडलं.

वृषाली हसून हसून ओट्यावर बसली. मग म्हणाली, "रिद्धे, खरं बोलायला किती खर्च येतो गं?" मी म्हटलं विषय तो नाही, विषय योग्य पार्टचा आहे. तिच्या आईने, साळुबाईंनी, पत्रा उचलून सरपणावर झाकला. म्हणाल्या, "लई कामाचा हाय. अजून एक मागीव."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पुन्हा फोन केला. "फ्लॅप, मागचा, डावा." कंपनीकडून मागवावा लागेल. पंधरा दिवस. हरकत नाही, काम नीट व्हायला हवं.

सोमवार, २५ ऑगस्ट. पर्युषण सुरू

स्थानकात साध्वी महासतीजींकडे पचक्खाण घेतलं, नेम असा: आठ दिवस चहा बंद. रोज रात्री आठ ते नऊ मौन.

पप्पा आठ वाजता दुकानातून घरी येतात, हे नंतर लक्षात आलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

मौन चालू असताना पप्पा माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, सोपानला नवीन महिन्यापासून कामावरून पूर्ण बंद करणार. "नऊ वर्षं त्याच्या शब्दावर डोळे मिटून गाडीत बसलो. आता त्याने पोत्यांचा आकडा सांगितला तरी वाटतं, हा खरं बोलतोय का?" मला पप्पांकडे बघवेना.

नऊला मौन सुटलं. तोवर पप्पा झोपायला गेले होते. सिद्धांत म्हणून झोपलेल्या माणसाला उठवू नये.

मौनाची वेळ बदलता येते का, हे महासतीजींना विचारायला हवं.

रविवार, ३१ ऑगस्ट

उद्या संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. एक चांगली गोष्ट लक्षात आली. खमत खामणा म्हणताना आपण 'जाणता-अजाणता झालेल्या चुकांची' क्षमा मागतो. कुठली चूक ते सांगावं लागत नाही, आणि समोरचा विचारत नाही. म्हणजे मी उद्या हात जोडले की मडगार्डही त्यात आलंच. विधिपूर्वक. चार आठवड्यांनी आज मन हलकं वाटतंय.

सोमवार, १ सप्टेंबर. संवत्सरी. दुपारी ४

मन हलकं वगैरे नाही.

दुकान बंद. पप्पा उपवासाचं पौषध व्रत घेऊन सकाळपासून स्थानकात आहेत, उद्या सकाळी येतील. सोपानभाऊ गोदामाची किल्ली द्यायला घरी आले. परवा बुधवारपासून दुधाच्या टँकरवर जाणार म्हणाले. मी हात जोडून म्हटलं, सोपानभाऊ, खमत खामणा. जाणता-अजाणता…

ते म्हणाले, "ताई, हात नका जोडू. त्या सोमवारी सकाळी गाडीत बसलो, तर शीट पुढं सरकवलेलं व्हतं. माझं गुडघं ठ्यारिंगला लागलं. घरात एवढ्या बुटक्या पायाचं कोण हाय? शेठ यायच्या आत मी शीट मागं घेतलं."

सीट. पायपुसणी झटकली, सीट विसरले.

विचारलं, मग तुम्ही पप्पांना का नाही सांगितलं? म्हणाले, "तुमी सांगाल म्हणलं. आज सांगाल, उद्या सांगाल." मग हसले. "आन् मडगार्ड गोदामात पेंडीमागं हाय. टेम्पो भरताना घावलं. तीन इस्क्रू आन् मोठं वायसर टाकलं का बसतंय. धा मिन्टाचं काम."

म्हणजे ओरिजिनल पहिल्या दिवसापासून आमच्याच गोदामात होतं. ५ ऑगस्टला मीच लिहिलंय.

जाताना दारात थांबले. "टँकरवर पगार बराच हाय, त्याचं न्हाई. पण आमच्या आण्यात कुणी इचारलं का सोडलं, तर काय सांगू? खोटारडा म्हणून काढला? तेवढं शेठला सांगा, ताई."

भुवाजी आत पडद्याआड माळ घेऊन बसल्या होत्या. ते गेल्यावर एकच शब्द म्हणाल्या. "कोणी?"

दुरुस्ती. ५ ऑगस्टच्या नोंदीत 'निघालं' असं लिहिलं आहे. ते चूक आहे. त्याआधीचं 'तुटलं' हेही चूक आहे. मी तोडलं.

उद्या सकाळी पप्पांचं पारणं. उपाशी माणसाला असं काही सांगू नये. पारण्यानंतर मुगाचं पाणी घेतल्यावर ते थोडा वेळ आडवे होतात. मग दुकान. शिवाय सगळे खमत खामणाला येतील, चारचौघांत बरं दिसणार नाही. बुधवारी घर शांत असेल.

दुरुस्ती. बुधवारी सोपानभाऊ नसतील.

मंगळवार, २ सप्टेंबर २००३. सकाळी, मुगाच्या पाण्याच्या आधी. पप्पांना सांगितलं: मी तोडलं.