व्हॉल्व्हवरची तार

ती. दादास नमस्कार,

मी बरी आहे. सात टाके पडलेत, पण डाव्या हाताला, म्हणून लिहिता येतंय. मला नुसतं खरचटलंय, एवढंच आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

विज्ञान प्रदर्शनात मी पत्र्याच्या डब्याचा छोटा बॉयलर मांडला होता. वाफ वाढली की व्हॉल्व्ह उघडून शिट्टी वाजायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी सकाळपासून कुरकुरत होती, "तुझा कुकर बंद कर गं, माझं कुणाला ऐकूच जात नाही." मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात तिने व्हॉल्व्ह तारेने बांधून टाकला.

परत आले तर शिट्टी बंद. तार दिसली तशी मी तिला केस धरून खाली आपटलं आणि तिच्या अंगावर पडले. डबा फुटला. एक पत्रा माझा हात चिरून गेला, दुसरा तिच्या खुर्चीच्या पाठीतून आरपार. तिचा दात पडला.

मारामारी केली म्हणून परीक्षकांनी माझं नाव काढलं. ती रडत म्हणाली, "आवाजाचा त्रास होत होता, म्हणून बांधली." बाबा स्फोटात गेले तेव्हा त्यांच्या बॉयलरवरची माणसंही चौकशीत हेच म्हणाली होती.

आता त्याच जागेवर तू आहेस. पाळीवर गेल्यागेल्या व्हॉल्व्ह बघतोस ना? शिट्टी थांबली तर तार सोडवायला जाऊ नकोस, पळ. वाटेत कोणी आलं तर त्यालाही पाड. माफी नंतर मागता येते. मी मागितली.

तुझी,
धाकटी