शब्दकोशांचं पोतं

चिऊ,

तुझ्या सरावाचं पोतं उसवलं आणि निम्मी वाळू खालच्यांच्या कुंड्यांत सांडली. कोपऱ्यावरच्या बांधकामावर थोडी वाळू मागायला जातो आहे. मला कुणाकडे काही मागायला जमत नाही, तरी बघतो. तोवर पोत्याला टाके घालून त्यात माझे शब्दकोशाचे खंड भरले आहेत. खांद्यावर घेऊन पळताना कोपरे टोचतील, टॉवेल घे. माझी पुस्तकं घरात कुणीतरी उचलली, हेही नसे थोडके.

अंडी उकडून झाकून ठेवली आहेत.

रविवारी तुझ्या फिटनेस स्पर्धेला येऊ का, असं विचारणार होतो. पण "आबा, तिथे फार गोंगाट असतो, तुम्हाला सोसवणार नाही," असं तू परवाच म्हणालीस. तेही खरंच असेल. कानात घालायला कापूस मात्र आणून ठेवला आहे.

आबा