ओढ्याकाठच्या एका एकराबाबत

मी, काकासाहेब विठोबा ढवळे, वय ७३, शेतकरी, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टर दिवाळीच्या पुढचं काही बोलत नाहीत. डोकं शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही. खाली देतो ती मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे.

१. राहतं घर, विहीर आणि बँकेतली ठेव पत्नी नंदाबाई हिला. तिला तिथून कोणी उठवू नये.

२. अवजारं मुलगा अंगद याला. वडिलोपार्जित चार एकर माळ आधीच त्याच्या नावावर आहे.

३. फवारणीचा पंप शेजारी सर्जेराव याने सात वर्षांपूर्वी एका दिवसासाठी म्हणून नेला. तो त्यालाच राहू द्यावा. फक्त ओढ्यात धुऊ नये.

४. ओढ्याकाठची एक एकर जमीन. हा कागद तिच्यासाठीच. नऊ वर्षे मी तिथे नांगर घातला नाही. लव्हाळी वाढली, पाणी मुरायला लागलं आणि आमची विहीर वैशाखातही आटेनाशी झाली. ओढा राखणाऱ्याला शेतसाऱ्यात सवलत मिळावी म्हणून मी तहसिलीत अर्ज केला. कारकून म्हणाला, "काका, असा रकानाच न्हाई. पोटखराब लिहितो, सारा माफ व्हईल बराबर." पोटखराब म्हणजे पिकाच्या कामाची नाही ती जमीन, हे मला ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो आणि गावात पेढे वाटले. सारा तो केवढा, पण मला ते ओढा राखल्याचं बक्षीस वाटलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

आता अंगद तोच सातबारा माझ्यापुढे धरतो. "बाबा, सरकारच खराब म्हणून राह्यलं. मुरूम टाकून हॉटेल काढू, बिलकुल अडचण न्हाई." मुरुमाच्या गाड्या ठरल्या आहेत, माझा श्वास थांबायची तेवढी वाट आहे. मी पोटच्या मुलाच्या पाया पडलो. नोंद बदलायला पुन्हा तहसिलीत गेलो, तर म्हणाले, आधी पीक घ्या, मग बदलू. म्हणजे वाचवायची तर नांगरायची. पाणथळ बुजली की विहीर जाईल आणि नंदाबाई या वयात टँकरमागे हंडा घेऊन पळेल. मला दुसरा मार्ग सुचत नाही.

५. म्हणून ही जमीन परतूरला दिलेली मुलगी तृप्ती हिला देतो. माळाच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मीच तिच्याकडून करून घेतलं होतं. अंबडच्या रजिस्ट्री कचेरीत मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. भावाने साडी नेसवली. मी म्हणालो, "माहेर तुटू द्यायचं न्हाई, पोरी."

तृप्ती, अंगद पुन्हा कागद आणि साडी घेऊन येईल. तुझी आईसुद्धा रडून सांगेल, कर सही. त्याला जेवू घाल, साडी परत पाठव. सही करू नकोस. माहेर तुटलं तर तुटू दे. तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं.

ठिकाण: वडीगोद्री
दिनांक: १२ सप्टेंबर २०२५

सही: काकासाहेब विठोबा ढवळे

काकासाहेबांनी सगळं मोठ्याने वाचून आमच्या देखत सही केली. आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार:
१. अण्णासाहेब गणपतराव काळे, निवृत्त शिक्षक
२. राधेश्याम मोहनलाल बजाज, किराणा दुकानदार