मायनस नऊ

३ फेब्रुवारी, सोमवार

तिने विचारलं आणि मला उत्तर आलं नाही!

मामाच्या दुकानात गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नाहीत, चष्म्याच्या नंबराने ओळखतात. ‘ते प्लस दोन येऊन गेले का?’ ‘दीडवाल्या बाईंची फ्रेम आली.’ तशी ही मायनस नऊ. जुन्या चष्म्यावर बसली, एक काच फुटली, म्हणून नवा करायला आली.

फ्रेम बघायला तिने तो तुटका चष्मा काढला आणि — डोळे केवढे मोठे! चष्म्याआड मात्र शर्टाच्या बटणाएवढे. तिचं तिनेच विचारलं, या काचेत माझे डोळे इतके बारीक का दिसतात हो? म्हटलं, मायनस आहे ना, म्हणून. तर म्हणते, ‘मायनस म्हणजे काय?’

काय सांगणार? ह्याच मायनसपायी मी कॉलेज सोडलं.

माप मीच घेतलं. दोन बाहुल्यांमधलं अंतर. मामाने शिकवलंय — पट्टी कपाळाशी धरायची, आपला एक डोळा मिटायचा, गिऱ्हाइकाला उघड्या डोळ्यात बघायला सांगायचं, मग दुसरा मिटायचा. पण पहिल्याच भेटीत मी एक डोळा मिटला तर ती काय समजेल? दोन्ही उघडे ठेवले. ती माझ्या नाकाकडे बघत होती. अठ्ठावन्न. लिहून टाकलं.

४ फेब्रुवारी

ते मायनस डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर अंतर्गोल आरशाचं गणित घातलं. प्रतिमा किती पट? माझं उत्तर आलं मायनस तीन. उभा राहून म्हटलं, गणितच चूक आहे, प्रतिमा शून्यापेक्षा लहान कशी असेल? वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, ‘बसा. तुम्हाला चिन्ह वाचता येत नाही, भांडता तेवढं येतं.’ मी वही तिथेच आपटली आणि निघालो, तो कायमचाच. आई अजून म्हणते, वही तरी आणायचीस, निम्मी कोरी होती.

आज मामा जेवायला गेल्यावर शटर अर्धं ओढलं. काउंटरवर चेहरा मोठा दाखवणारा गोल आरसा आहे. जवळून बघितलं — नाक बटाट्याएवढं. मागे सरकत गेलो. आणखी मोठं, मग सगळं धुरकट, आणि मग एकदम उलटा! डोकं खाली, आणि बारका. मग मोबाइलवर टोक वर असलेला एक बाण काढला आणि आरशासमोर धरून मागेपुढे केला. समोरच्या भिंतीवर बाण उमटला. तिप्पट मोठा. टोक खाली!

मायनस तीन! तीन म्हणजे तिप्पट, मायनस म्हणजे उलटा. लहानाचा काही संबंधच नाही! सर, एवढंच सांगायचं होतं, तर बसा कशाला म्हणालात?

५ फेब्रुवारी

मग तिचे डोळे? तिचा जुना चष्मा नमुन्याला दुकानातच ठेवून घेतलाय, त्याची धड काच पेपरवर धरली. अक्षरं बारीक, पण सुलटी. वर घेतली, खाली नेली, हात दुखेपर्यंत. एकदाही उलटी झाली नाहीत. म्हणजे नंबरातलं मायनस काचेचं, मधे पातळ आणि कडेला जाड असल्याचं. आरशाच्या गणितातलं मायनस प्रतिमेचं. दोन वेगळी मायनस, आणि मी एकात दुसरं घालून कॉलेज सोडलं!

शिवाय चष्मा डोळ्याला जितका जवळ, तितका डोळा कमी बारीक दिसतो. उद्या येईल तेव्हा सगळं सांगणार.

६ फेब्रुवारी

आली. चष्मा घातला. जरा चढल्यासारखं वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, नवा आहे, बसेल आठ दिवसांत. सगळ्यांना हेच सांगतात.

बाकी काही सांगितलं नाही. एवढं कळलं, की वीस तारखेला तिचा ड्रॉइंगचा शेवटचा पेपर आहे, सलग चार तास. पास झाली की नोकरी ठरलेली.

८ फेब्रुवारी

आली नाही. चष्मा झाल्यावर कशाला येईल?

१३ फेब्रुवारी

आली. ओळखू आली नाही, इतकी उतरलीय. दुपारपर्यंत डोकं ठणकतं, संध्याकाळी कागदावरची एक रेघ दोन होते. डॉक्टरांनी नंबर तपासला, तोच आहे. आता पुढच्या आठवड्यात मोठी तपासणी. तिची आजी अशीच आंधळी होत गेली म्हणे, आधी डोकं, मग दोन-दोन दिसणं. पेपराला बसत नाही म्हणाली. ‘रेघच दोन दिसतात, त्यातली कुठली काढू?’

चष्मा एकदा तपासू म्हणून मामाने ठेवून घेतला. ती तो तुटकाच घालून गेली, फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावून.

१४ फेब्रुवारी

काच घासणाऱ्या काकांवर ओरडलो. मागच्या खोलीत, मशीन चालू असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हटलं, तुमचे हात थरथरतात, आता घरी बसा! एका मुलीचा जन्म बरबाद केलात!

काकांनी मशीन बंद केलं. हात पुसले. खिळ्याला टोचलेल्या कार्डांतून एक काढून माझ्यापुढे धरलं. अठ्ठावन्न. माझं अक्षर.

मग जुन्या चष्म्याचं माप घेतलं होतं ते काढलं — धड काचेचा मध्य नाकापासून साडेएकतीसवर. दुप्पट केलं की त्रेसष्ट. पाच मिलिमीटरचा फरक! साध्या नंबराला चालून गेला असता. मायनस नऊला काचेचा मध्य एवढा नाकाकडे सरकला, की डोळे दिवसभर आत ओढायचे.

काका म्हणाले, ‘एक डोळा मिटला होतास?’

मी कार्ड उलटं करून ठेवलं.

‘का नाही मिटलास?’

सांगितलं. काका इतके हसले की ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं. पाया पडलो. ‘माझ्या नको,’ म्हणाले. ‘जिचं डोकं दुखतंय तिला सांग.’

१५ फेब्रुवारी

मामा म्हणतो काही सांगायचं नाही. काच बदलून देऊ, कंपनीचा दोष म्हणू. ‘दुकानाची अब्रू आहे बाबा. आणि तुझीही, जी काय असेल ती.’

तिला कधी कळणारही नाही. ती आभारच मानेल!

१६ फेब्रुवारी

कंपनीचा दोष. कंपनीचा दोष. आरशासमोर पाच वेळा म्हणून बघितलं. जवळून म्हटलं की तोंड एवढं मोठं दिसतं!

१७ फेब्रुवारी

सांगितलं. तिच्या घरी जाऊन, दारातच. आई मागे उभी होती तिची. डोळे ठणठणीत आहेत, आजीसारखं काही नाही, माप मी चुकवलं. का चुकवलं तेही सांगितलं. सांगताना फरशी बघत होतो.

मग ती म्हणाली, ‘मी आंधळी होणार म्हणून अकरा दिवस रडतेय. आणि तू नुसता लाजत होतास?’

पहिल्यांदा ‘तू’ म्हणाली. आणि दार लावलं.

१८ फेब्रुवारी

नवं माप मामाने घेतलं, एक डोळा मिटून. ती काउंटरशी, मी मागच्या खोलीत. काकांनी दुपारी जेवण सोडून काच घासली. फ्रेमचे नाकाचे पॅड मी वाकवले, चष्मा डोळ्याला जवळ बसावा म्हणून. तेवढंच माझ्या हातात होतं. मामा माझ्याशी बोलत नाही.

२० फेब्रुवारी

दहा ते दोन. घड्याळाशिवाय काही बघितलं नाही.

२२ फेब्रुवारी

आली! मामा मुद्दाम मागे निघून गेला. पेपर झाला म्हणाली, रेघ एकच होती. मग तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

‘बोल आता. मला तू दिसत नाहीस, तेव्हा लाजायचं कारण नाही.’

बोललो. सगळं. दोन्ही मायनस, आणि मनातलंही. चुकतमाकत.

तिने चाचपडत चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं.

‘आता पुन्हा म्हण.’

त्या काचेतून मी तिला जरा लहानच दिसत असणार. पण सुलटा.

म्हटलं.